‘कमांड नॉट फाउंड’ पुन्हा पुन्हा का येतं: पाथ नेमका कुठे बिघडतो

काल संध्याकाळी चाललेली कमांड आज सकाळी ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणते. प्रोग्रॅम डिस्कवर आहे, फाइल मॅनेजरमध्ये दिसतो, कोणी काढलेला नाही. पाथ, म्हणजे कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी, दुरुस्त केला की दोन दिवस सुरळीत जातात आणि मग पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकदा लिहिलेली ओळ बरोबर असते, ती लिहिलेली जागा चुकलेली असते. पाथ ही संपूर्ण संगणकासाठी असलेली एकच यादी नाही. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे त्या यादीची स्वतःची प्रत असते आणि ती त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडून मिळालेली असते. टर्मिनलची प्रत वेगळी, क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) वेगळी, सुडोची (रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवणाऱ्याची) वेगळी. म्हणून काहीही बदलण्याआधी एकच गोष्ट ठरवा: हे नाव कोण शोधतंय आणि त्याच्या हातात कोणती यादी आहे?

खाली कमांड, फाइलींची नावं आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच करायचे. चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच घ्या. लिनक्स आणि मॅकवर पाथ आणि होम ही व्हेरिएबलं पूर्ण कॅपिटल अक्षरांत असतात. बाकी सगळं स्मॉल, जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

शोध कसा चालतो

टर्मिनलमध्ये टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल; लिनक्सवर तो बहुतेकदा बॅश असतो. बॅशमध्ये नाव टाइप करून एंटर दाबलं की शेल आधी नावात तिरपी रेघ आहे का ते बघतं. ./बिल्ड किंवा /ऑप्ट/टूल/रन असं काही असेल तर शोधाशोध होतच नाही, सांगितलेली फाइल थेट चालवली जाते. रेघ नसेल तर आधी एलियास (कमांडला दिलेलं टोपणनाव), मग फंक्शन (शेलमध्ये लिहून ठेवलेला कमांडचा संच), मग शेलच्या स्वतःच्या बिल्ट-इन कमांड, मग आधी सापडलेल्या जागांची हॅश नावाची नोंदवही आणि सगळ्यात शेवटी पाथ.

पाथ म्हणजे कोलनने जोडलेली फोल्डरांची रांग. शेल ती डावीकडून उजवीकडे वाचतं. त्या नावाची चालवता येण्याजोगी फाइल ज्या फोल्डरमध्ये पहिल्यांदा मिळेल ती चालते आणि पुढची फोल्डरं उघडलीही जात नाहीत. १९७९च्या युनिक्स आवृत्ती ७मधल्या बोर्न शेलपासून हा नियम असाच आहे. शेल फोल्डरच्या आतल्या फोल्डरांत शिरत नाही. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तेही आपोआप बघत नाही, म्हणून स्वतःच्या स्क्रिप्टपुढे ./ लावावं लागतं.

या क्रमाचा फटका नवशिक्यांना हमखास बसतो तो ‘टेस्ट’ या नावामुळे. स्क्रिप्टला टेस्ट असं नाव देऊन ती पाथमधल्या फोल्डरमध्ये ठेवली तरी चालत नाही, कारण टेस्ट नावाची बिल्ट-इन कमांड आधी येते. ती काहीही न छापता संपते आणि माणूस स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसतो. नाव बदला, एवढंच.

आधी तपासणी

पहिली कमांड: टाइप -ए, पुढे प्रोग्रॅमचं नाव. उत्तर साधारण असं दिसतं:

टाइप -ए पायथन३
पायथन३ इज /युएसआर/लोकल/बिन/पायथन३
पायथन३ इज /युएसआर/बिन/पायथन३
पायथन३ इज /बिन/पायथन३

रांगेत सगळ्यात वरची ओळ पुढे आहे, म्हणजे तीच चालणार. खालच्या दोन ओळी बघून दोन पायथन बसलेत असं समजू नका. हल्लीच्या डेबियन, उबुंटू आणि फेडोरावर /बिन हा /युएसआर/बिनकडे नेणारा दुवाच असतो, त्यामुळे एकच फाइल दोनदा दिसते. यातली एक पुसली तर दुसरीही गेली, आणि सिस्टिमचा पायथन गेला तर पॅकेज मॅनेजरची अवजारंही त्याच्याबरोबर बंद पडतात.

बरेच जण टाइपऐवजी ‘विच’ वापरतात. बॅशमध्ये विच हा बाहेरचा वेगळा प्रोग्रॅम आहे. त्याला फक्त पाथ कळतो. तुमचे एलियास, फंक्शन, हॅशमधली नोंद यांतलं काहीच त्याला माहीत नसतं. त्यामुळे विच एक जागा दाखवतो आणि शेल दुसरंच चालवतं. तपासणीसाठी विचवर विसंबू नये.

दुसरी कमांड यादी उभी छापते, एका ओळीवर एक फोल्डर:

एको "$पाथ" | टीआर ':' '\एन'

इथे घाई करू नका. मधे कोरी ओळ दिसली तर पाथमध्ये लागोपाठ दोन कोलन आहेत किंवा एखादा कोलन सुरुवातीला नाहीतर शेवटी लटकलाय. कोऱ्या जागेचा अर्थ ‘सध्याचं फोल्डर’ असा होतो. मग अनोळखी फोल्डरमध्ये गेल्यावर, फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडऐवजी तिथली एलएस नावाची फाइलसुद्धा चालू शकते. ही सुरक्षेची भगदाडं आहेत, दिसताक्षणी बुजवा.

एखाद्या ओळीच्या सुरुवातीला ~ हे चिन्ह तसंच दिसत असेल तर तेही पकडा. पाथ="~/बिन:$पाथ" असं अवतरण चिन्हांत लिहिलं की ~ चं होम फोल्डर होत नाही, ते चिन्ह म्हणूनच यादीत जातं. गंमत अशी की बॅश शोधताना ते स्वतः उलगडून घेतं, त्यामुळे टर्मिनलमध्ये कमांड चालते. पण मेक (प्रोग्रॅम बांधणारं टूल), साध्या एसएच शेलची स्क्रिप्ट किंवा एडिटर तीच यादी वाचतात तेव्हा ‘~’ या नावाचं फोल्डर शोधतात आणि ते अर्थातच मिळत नाही. ‘हाताने चालतं, स्क्रिप्टमधून चालत नाही’ या तक्रारीमागे हे बरेचदा निघतं. ~ च्या जागी $होम लिहा.

तिसरी तपासणी कमांड फसल्यावर लगेच करायची: एको $? . उत्तर १२७ आलं तर नाव सापडलंच नाही. १२६ आलं तर सापडलं, पण चालवता आलं नाही. तिथे पाथमध्ये काही शोधू नका, सीएचमॉड +एक्स (फाइल चालवण्याची परवानगी) केलंय का आणि ती डिस्क ‘नोएक्झेक’ने, म्हणजे तिच्यावरचे प्रोग्रॅम चालू न देणाऱ्या सेटिंगने, जोडलेली नाही ना, ते बघा.

शेलची जुनी आठवण

प्रत्येक वेळी सगळी फोल्डरं धुंडाळायला नकोत म्हणून बॅश एकदा सापडलेली जागा त्या सत्रापुरती लक्षात ठेवतं. समजा एक टूल /युएसआर/बिनमध्ये होतं आणि तुम्ही ते याच खिडकीत एकदा चालवलं. मग नवी आवृत्ती /युएसआर/लोकल/बिनमध्ये बसवली. हे फोल्डर रांगेत आधी आहे, म्हणजे नवी आवृत्ती चालायला हवी. विच नवीच जागा दाखवतो. तरी टूल --व्हर्जन जुना आकडा छापतं, कारण बॅश रांग बघतच नाही, नोंदवही बघतं.

आता जुनं पॅकेज काढून टाका आणि टूल पुन्हा चालवा:

बॅश: /युएसआर/बिन/टूल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

तुम्ही टाइप केलं नुसतं नाव आणि संदेशात आला पूर्ण मार्ग. हीच खूण. ही खूण दिसली की हॅश -आर टाइप करा, नोंदवही कोरी होते. एकच नोंद पुसायची असेल तर हॅश -डी टूल. नुसतं हॅश लिहिलं तर काय काय लक्षात ठेवलंय ते दिसतं. इथे एक बारकावा आहे: टाइप -ए ही नोंदवही बघत नाही, -ए न लावलेलं टाइप बघतं. त्यामुळे दोन्ही चालवून उत्तरं जुळतात का ते पाहायचं. नुसत्या टाइपने ‘टूल इज हॅश्ड’ म्हणत वेगळी जागा दाखवली की दोष सापडला.

नवी खिडकी उघडल्यावर हा दोष आपोआप जातो. म्हणूनच ‘रीस्टार्ट केल्यावर झालं’ असं ऐकायला मिळतं आणि खरं कारण कळतच नाही. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये याच कामासाठी रीहॅश आहे.

ओळ कुठे लिहायची

टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट पाथ="$होम/बिन:$पाथ" लिहिलं तर ते त्या खिडकीपुरतं आणि तिच्यातून सुरू झालेल्या प्रोग्रॅमपुरतं. खिडकी बंद, बदल संपला. कायमची सोय फाइलीत करावी लागते आणि सगळा घोळ इथेच होतो, कारण बॅश प्रत्येक वेळी तीच फाइल वाचत नाही.

लॉगिन शेल (एसएसएचने दुसऱ्या मशीनवरून आत आलात किंवा एसयू - लिहून दुसऱ्या खात्यात गेलात तेव्हाचं) आधी /ईटीसी/प्रोफाइल वाचतं. मग होममध्ये .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि जी पहिली मिळेल तीच एक वाचतं. उबुंटूच्या डेस्कटॉपवर उघडलेली टर्मिनलची खिडकी लॉगिन शेल नसते, ती फक्त .बॅशआरसी वाचते. .प्रोफाइल वाचली जाते ती तुम्ही डेस्कटॉपवर लॉगिन करताना. म्हणजे .प्रोफाइलमध्ये बदल करून टर्मिनलच्या कितीही नव्या खिडक्या उघडल्या तरी फरक पडत नाही. लॉगआउट करून परत आत यावं लागतं.

उबुंटूच्या मूळ .प्रोफाइलमध्ये हा तुकडा तयारच असतो:

इफ [ -डी "$होम/.लोकल/बिन" ] ; देन
    पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"
फाय

पहिल्या ओळीतली अट नीट वाचा. फोल्डर असेल तरच ते यादीत जातं, आणि ही तपासणी लॉगिनच्या क्षणी होते. नव्या मशीनवर .लोकल/बिन नसतंच. तुम्ही पिपएक्सने (पायथनची टूलं बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) पहिलं टूल बसवता, फोल्डर त्या वेळी तयार होतं, पण लॉगिन सकाळी झालेलं असतं. म्हणून ‘कमांड नॉट फाउंड’. उतावीळपणे .बॅशआरसीत चार ओळी वाढवण्याची गरज नाही. एकदा लॉगआउट आणि लॉगिन पुरतं.

याहून जास्त डोकेदुखी .बॅश_प्रोफाइलची. एखाद्या टूलचा इन्स्टॉलर ही फाइल नव्याने तयार करतो आणि आपल्या दोन ओळी तिच्यात टाकतो. ती फाइल आली की बॅशचं लॉगिन शेल .प्रोफाइल वाचणं थांबवतं. उबुंटूमध्ये .बॅशआरसीला बोलावण्याचं कामही .प्रोफाइलच करते, त्यामुळे एसएसएचने आत आल्यावर पाथ तर जातोच, एलियास आणि रंगीत प्रॉम्प्टही जातात. पाथबरोबर रंग उडाले असतील तर थेट एलएस -एलए ~ करून .बॅश_प्रोफाइल आहे का बघा. असेल तर तिच्या पहिल्या ओळीत बिंदू, मोकळी जागा आणि ~/.प्रोफाइल एवढं लिहा, किंवा तिच्यातल्या ओळी .प्रोफाइलमध्ये हलवून ती फाइल काढून टाका.

.बॅशआरसीत पाथ वाढवायचाच असेल तर शेलच्या आत शेल उघडलं की तीच ओळ परत चालते आणि यादी फुगत जाते. हा बंदोबस्त पुरेसा आहे:

केस ":$पाथ:" इन
  *":$होम/बिन:"*) ;;
  *) पाथ="$होम/बिन:$पाथ" ;;
एसॅक

फोल्डर पुढे जोडायचं की मागे? सिस्टिमच्या त्याच नावाच्या प्रोग्रॅमला मुद्दाम मागे टाकायचं असेल तरच पुढे. एरवी मागे जोडणं सुरक्षित; एखाद्या टूलने स्वतःबरोबर आणलेली जुनी कर्ल किंवा गिट नकळत सगळीकडे वापरली जात नाही.

एसएसएच सर्व्हर 'टूल' असं एका झटक्यात चालवताना पाथ मिळत नसेल तर उबुंटूची .बॅशआरसी उघडून सुरुवातीच्या ओळी वाचा. शेल परस्परसंवादी नसेल, म्हणजे समोर बसून कोणी टाइप करत नसेल, तर फाइल तिथूनच परत फिरते, त्यामुळे तळाशी जोडलेली तुमची ओळ चालतच नाही. ती त्या अटीच्या वर न्या, किंवा कमांडचा पूर्ण मार्ग लिहा.

सुडो, एसयू आणि क्रॉन

सुडो तुमचा पाथ वापरत नाही. /ईटीसी/सुडोअर्समध्ये सिक्युअर_पाथ अशी ओळ असते, तिच्यातली यादी वापरतो. म्हणून स्वतःच्या होममध्ये बसवलेलं टूल सुडोला दिसत नाही. रेड हॅट घराण्यातल्या बऱ्याच मशीनवर तर या यादीत /युएसआर/लोकल/बिनही नसतं. तपासताना सुडो एको $पाथ करू नका. तिथे $पाथ तुमचंच शेल आधी उलगडतं आणि सुडोला तयार उत्तर देतं, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. सुडो एन्व्ह | ग्रेप '^पाथ' करा, खरी यादी समोर येईल.

यावर उपाय म्हणजे पूर्ण मार्ग देणं: सुडो "$(कमांड -व्ही टूल)". सिक्युअर_पाथमध्ये स्वतःचं होम फोल्डर घालायचा मोह टाळा. ज्या फोल्डरमध्ये कोणताही साधा प्रोग्रॅम फाइल लिहू शकतो, ते रूटच्या यादीत आलं की एलएस नावाची बनावट फाइलही रूटच्या हक्काने चालू शकते. आणि सुडोअर्सची फाइल बदलायचीच असेल तर फक्त व्हीसुडोने, तो सेव्ह करण्याआधी व्याकरण तपासतो. साध्या एडिटरने चुकीचं व्याकरण सेव्ह झालं तर सुडो चालायचंच थांबू शकतं.

डेबियन १० (२०१९) पासून नुसतं एसयू केल्यावर जुन्याच माणसाचा पाथ कायम राहतो. त्यात /युएसआर/एसबिन नसतं, म्हणून रूट असूनही युजरमॉड किंवा ॲडयुजर ‘सापडत नाही’. एसयू - असं लिहा, मधली जागा आणि वजाचं चिन्ह धरून.

क्रॉन सगळ्यात गरीब. डेबियन-उबुंटूवर साध्या क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या फाइलीच्या) वाट्याला /युएसआर/बिन:/बिन एवढंच येतं. क्रॉनटॅबच्या वरच्या भागात पाथ= ओळ लिहिता येते, पण तिथे $होम किंवा $पाथ उलगडले जात नाहीत, जसेच्या तसे अक्षर म्हणून राहतात. सगळी फोल्डरं पूर्ण लिहा. रात्री २ वाजता फसणारं काम दिवसा तपासायचं असेल तर क्रॉनइतकंच दरिद्री वातावरण तयार करून बघा:

एन्व्ह -आय होम="$होम" पाथ=/युएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी 'टूल'

इथे चाललं तर क्रॉनमध्येही चालण्याची शक्यता चांगली.

पाथच पुसला गेला तर

एक्सपोर्ट पाथ=/ऑप्ट/टूल/बिन असं लिहून शेवटचं :$पाथ विसरलं की एलएस, नॅनो, कॅट सगळं गायब होतं. घाबरू नका, आणि ती खिडकी बंद करू नका. एको, सीडी, एक्सपोर्ट या बिल्ट-इन आहेत, त्या चालू असतात. आधी हे टाइप करा:

एक्सपोर्ट पाथ=/युएसआर/लोकल/बिन:/युएसआर/बिन:/बिन:/युएसआर/एसबिन:/एसबिन

मग फाइलीतली चुकलेली ओळ उघडून दुरुस्त करा. नवी खिडकी उघडून ती चालते हे बघितल्यावरच जुनी बंद करा.

फाइल समोर असून ‘नो सच फाइल’

हा पाथचा दोष नाही, पण तसा वाटतो. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य \आर राहतो. पहिल्या ओळीतल्या #! नंतरचं नाव मग ‘पायथन३\आर’ असं होतं आणि त्या नावाचा प्रोग्रॅम कुठेच नसतो. डॉसटूयुनिक्स चालवा, किंवा सेड -आय 's/\आर$//' आणि फाइलचं नाव (एस आणि आर दोन्ही इंग्रजी स्मॉल). तयार बायनरी फाइल असेल तर फाइल ही कमांड तिच्यावर चालवून ती ३२-बिटची आहे का पाहा. ६४-बिटच्या मशीनवर ३२-बिटचा लोडर (प्रोग्रॅम मेमरीत चढवून सुरू करणारी फाइल) नसेल तर हाच संदेश येतो. न सापडलेली फाइल म्हणजे तो लोडर. तुमचा प्रोग्रॅम जागेवरच असतो.

मॅक

मॅकवर २०१९च्या कॅटलिनापासून झेडशेल मूळ शेल आहे. /ईटीसी/झेडप्रोफाइल दर लॉगिन शेलमध्ये पाथ_हेल्पर चालवते. तो /ईटीसी/पाथ्स आणि /ईटीसी/पाथ्स.डीमधली फोल्डरं आधी लावतो आणि उरलेली मागे ढकलतो. .झेडएसएचएन्व्ह ही फाइल त्याच्या आधी वाचली जाते, म्हणून तिथे पुढे लावलेलं फोल्डर शेवटी जाऊन बसतं. होमब्रूची (मॅकवर टूलं बसवणाऱ्या प्रोग्रॅमची, त्याची कमांड ब्रू) ओळ .झेडप्रोफाइलमध्ये लिहा. इंटेल मॅकवर होमब्रू /युएसआर/लोकलमध्ये बसतं आणि त्याचं बिन फोल्डर /ईटीसी/पाथ्समध्ये असतंच; ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते /ऑप्ट/होमब्रूमध्ये जातं आणि तिथे नसतं. जुन्या मॅकची सेटिंगं नव्यावर उचलून आणल्यावर ब्रू सापडत नाही ते यामुळे.

टीमक्समध्ये (एका टर्मिनलचे अनेक भाग करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) क्रम पुन्हा उलटतो, कारण त्याचं प्रत्येक दालन नवं लॉगिन शेल असतं. इथे वरचा केसचा बंदोबस्त उलट नडतो: होमब्रूचं फोल्डर यादीत, मागे का होईना, आहे म्हणून तो ते पुढे आणत नाही आणि सिस्टिमची जुनी आवृत्ती चालते. झेडशेलमध्ये टाइपसेट -यू पाथ लिहा (यू कॅपिटल, पाथ स्मॉल), त्याखाली पाथ=(/ऑप्ट/होमब्रू/बिन $पाथ), हाही स्मॉल. फोल्डर पुढेही येतं आणि दुबार नोंदही राहत नाही.

या स्मॉल अक्षरांतल्या पाथमध्ये आणखी एक सापळा आहे. झेडशेलमध्ये तो कॅपिटल पाथशी बांधलेला असतो. फॉर पाथ इन *.टीएक्सटी असं निरागसपणे लिहिलं की पहिल्याच फेरीत खरा पाथ पुसला जातो आणि आतली एलएस सापडत नाही. व्हेरिएबलला दुसरं नाव द्या.

डॉकवरून उघडलेली ॲप या फाइली वाचतच नाहीत. त्यांना फक्त /युएसआर/बिन, /बिन, /युएसआर/एसबिन आणि /एसबिन मिळतात. टर्मिनलमध्ये चालणारं टूल एडिटरला का दिसत नाही, याचं उत्तर हेच.

विंडोज

विंडोजचे दोन नेहमीचे शेल म्हणजे सीएमडी आणि पॉवरशेल. सीएमडी आधी सध्याचं फोल्डर बघतं, मग पाथ. पॉवरशेल सध्याचं फोल्डर बघत नाही, तिथे .\ लावावं लागतं. नावापुढे एक्स्टेन्शन नसेल तर पाथएक्स्ट या व्हेरिएबलमधली एक्स्टेन्शनं क्रमाने लावून पाहिली जातात, त्यात .ईएक्सई हे .बॅटच्या आधी येतं. विंडोजच्या पाथमध्ये कोलनऐवजी अर्धविराम असतो.

पाथच्या दोन याद्या असतात, एक सिस्टिमची आणि एक युजरची. विंडोज आधी सिस्टिमची घेतं आणि तिच्या शेपटीला युजरची जोडतं. युजरच्या यादीत तुमचं पायथन सगळ्यात वर सरकवलं तरी सिस्टिमच्या यादीतलं पायथन त्याच्या आधीच उभं असतं. वरखाली करून फरक पडत नसेल तर दोन्ही याद्या उघडून बघा. आणि यादीत फोल्डर लिहायचं असतं, \पायथन.ईएक्सईपर्यंतचा मार्ग टाकला तर त्याचा उपयोग नाही.

पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं किंवा ‘पायथन वॉज नॉट फाउंड’ येतं, हा नेहमीचा प्रकार. सीएमडीमध्ये व्हेअर पायथन चालवा. पॉवरशेलमध्ये व्हेअर म्हणजे वेगळीच कमांड आहे, तिथे व्हेअर.ईएक्सई लिहा. उत्तरात \मायक्रोसॉफ्ट\विंडोजॲप्स\पायथन.ईएक्सई पहिली असेल तर ती खरी फाइल नाही. डीर करून बघा, आकार ० बाइट दाखवतो; ती स्टोअरकडे नेणारी नुसती पाटी आहे. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, ॲप एक्झिक्युशन एलियासेस इथे जाऊन पायथन.ईएक्सई आणि पायथन३.ईएक्सई ही दोन्ही बटणं बंद करा.

पाथ वाढवण्यासाठी सेटएक्स पाथ "%पाथ%;..." हा उपाय जागोजागी सुचवलेला दिसतो. कृपया वापरू नका. %पाथ%मध्ये सिस्टिमची आणि युजरची यादी एकत्र झालेली असते, ती सगळी युजरच्या यादीत कोंबली जाते. शिवाय सेटएक्स १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापतं आणि नुसती एक सूचना छापून पुढे जातं. आजची कमांड चालते, शेपटीतली दुसरी चार टूलं गायब होतात, आणि ते लक्षात येतं आठवड्याने. असं झालं असेल तर आधीपासून उघडी असलेली एखादी सीएमडीची खिडकी शोधा. तिच्याकडे जुनी प्रत शाबूत असते. तिथे एको %पाथ% करून मजकूर नोटपॅडमध्ये घ्या आणि त्यातला युजरचा भाग परत भरा. पुढच्या वेळी बदल ‘एडिट एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स’च्या खिडकीतून करा आणि आधी रेग क्वेरी एचकेसीयू\एन्व्हायरन्मेंट /व्ही पाथ याचं उत्तर जपून ठेवा.

बदल केल्यावर टर्मिनलच्या सगळ्या खिडक्या बंद करा. एडिटरच्या आतलं टर्मिनल एडिटरकडून यादी घेतं, म्हणून नुसतं ते टर्मिनल बंद करून भागत नाही, पूर्ण एडिटर बंद करून परत उघडावा लागतो. विंडोज आणि आर दाबून क्रोम टाइप केलं तर उघडतं, सीएमडीत मात्र सापडत नाही, यात बिघाड काही नाही. रनची खिडकी रजिस्ट्रीतल्या ‘ॲप पाथ्स’मध्येही शोधते, सीएमडी शोधत नाही. सीएमडीतून स्टार्ट क्रोम लिहिलं की तेही तिथे बघतं.

शेवटची अडचण मराठीत खातं उघडणाऱ्यांची. विंडोजवर लोकल खातं देवनागरी नावाने तयार केलं तर \युजर्समधलं फोल्डरही देवनागरीत होतं आणि त्याच्या आत बसलेल्या प्रत्येक टूलच्या मार्गात ते नाव येतं. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रॅमना वापरता येईल असं कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) नाही, ती फक्त युनिकोडमधूनच चालते. त्यामुळे युनिकोड न वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला हा मार्ग प्रश्नचिन्हांचा दिसतो आणि फाइल उघडत नाही. खात्याचं दिसणारं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं. अशी टूलं सी:\टूल्ससारख्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये बसवा आणि पाथमध्ये ते फोल्डर द्या. खातं नव्याने उघडणार असाल तर नाव आधी इंग्रजीत द्या, दिसणारं नाव मागाहून मराठीत करता येतं.